मागची सीट

पहाटे २.४०

गजर तीनचा लावला होता. तो वाजायच्या आत शेजारच्या गिरणीवाल्या काकांच्या खोकल्यानं जाग आली. आज २ जानेवारी. वर्षातल्या या एका दिवशी माझं पहिलं भाडं पहाटेचं असतं आणि ते मी कधीच सोडत नाही.

बाहेर आलो तर चतुर्दशीचा चंद्र पश्चिमेला कलंडलेला. मुरबाडी नदीकडून गार वारं येत होतं. मुरबाडला थंडी पडते हे कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला सांगून पटत नाही, जानेवारीत पहाटे एकदा उभं करावं लागतं. गाडीची काच दवानं पांढरी झाली होती. इको आहे माझी, पिवळ्या पाटीची, मी धरून सात जणांची. काच पुसता पुसता घरातून आवाज आला, "म्हशावरून घोंगडी आणायची हां. गेल्या वर्षी पण विसरलात."

"आणतो," म्हटलं.

माझा धंदा म्हणजे लोकांना फिरवणं. फोन येतो, पलीकडचा माणूस पहिल्यांदा भाव विचारतो आणि मग विचारतो, "मुरबाडमध्ये बघण्यासारखं काय काय आहे?" एकोणीस वर्षांत या प्रश्नाला नीट उत्तर देता आलेलं नाही. गावात काय आहे? तीन हात नाका, एसटी स्टँड, बाजारपेठ, एमआयडीसी, नदी. लोकांना 'पॉइंट' हवे असतात, माथेरान-महाबळेश्वरासारखे, पाटी लावलेले. आमच्याकडे पॉइंट नाहीत, वाटा आहेत. नाणेघाट, माळशेज, आहुपे, साधले घाट. कोकणातून देशावर चढायच्या आणि देशावरून कोकणात उतरायच्या. मुरबाड हे त्या वाटांच्या तोंडाशी बसलेलं गाव. इथं थांबायचं, दम खायचा, बैल बदलायचे आणि पुढं जायचं. आता बैलांऐवजी माझ्यासारखे गाडीवाले आहेत, एवढाच फरक.

पहाटे ३.२०

स्टँडजवळून पाच जणांना उचललं. कल्याणचे निवृत्त शिक्षक, रात्रीच येऊन नातेवाइकाकडे उतरले होते. तीन सर, दोन बाई. शिक्षक माणसं वेळेवर असतात, त्यांचं भाडं मला आवडतं. त्यातल्या एक बाई मुख्याध्यापिका होत्या हे बसल्या बसल्या कळलं, कारण सगळ्यांना कुठं बसायचं ते त्यांनीच सांगितलं.

म्हशाचा रस्ता धरला. चंद्र पाठीमागून, त्यामुळे समोरचा सह्याद्री अख्खा उजेडात. सिद्धगडाचा ठोकळा आणि अलीकडे गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. दिवसा उन्हात ते धुरकट दिसतात, आज कातरून ठेवल्यासारखे दिसत होते. गाडीत कुणी बोलेना. म्हसा मागं टाकून नारिवलीच्या दिशेला लागलो, तशी पुढं-मागं गाड्यांचे दिवे दिसू लागले. मोटरसायकली, टेम्पो, एका टेम्पोत शाळेची पोरं कानटोप्या घालून. कर्जत-नेरळकडची माणसं तर रात्रीपासूनच येतात.

पहाटे ५ ते ७

ड्रायव्हर माणूस गाडी सोडत नाही. भाडं गडावर जातं, आम्ही झाडाखाली सीट मागं टाकून झोपतो. सिद्धगडाला मात्र मी २ जानेवारीला गाडीत थांबत नाही. कुलूप लावलं आणि बॅटरी घेऊन चालू लागलो.

वाट रानातली. हे भीमाशंकर अभयारण्याचं जंगल. पानगळ सुरू झालेली, पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात. पुढच्या माणसाच्या टाचेवर उजेड टाकत चालायचं. मुख्याध्यापिका बाईंचे गुडघे कुरकुरत होते, पण हात धरायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा, मी येते."

इथं १९४३ सालच्या २ जानेवारीला पहाटे पोलिसांनी आझाद दस्त्याला गाठलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळीबारात गेले. भाई माथेरानचे, न्हावी समाजातल्या घरातले, वकिली शिकलेले. वय तीस. बेचाळीसच्या चळवळीत या दस्त्यानं डोंगरातून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. करवतीनं मनोऱ्याचे पाय कापायचे, रात्रीच्या रात्री. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने बंद पडावेत म्हणून. मग सरकारनं बक्षिसं लावली, दस्ता रानात शिरला आणि शेवट या ओढ्याकाठी झाला.

हे मला तोंडपाठ आहे, दरवर्षी भाड्याला सांगतो. यंदा बाईंनी मला पुढचं सांगितलं. भाईंनी बेचाळीसच्या आधी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठी काढली होती. टंचाईत सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून सुगीला धान्य जमवायचं आणि पावसाळ्यात उसनं द्यायचं. "मनोरे सगळ्यांना माहीत असतात, कोठी कुणाला माहीत नसते," बाई म्हणाल्या. मला तरी नव्हती.

हुतात्म्यांची ज्योत पेटली तेव्हा अंधार फिटायला आला होता. घोषणा झाल्या, मग थोडा वेळ सगळे गप्प. गर्दीत एक म्हातारी होती, जवळच्या वाडीतली असावी, तिनं पदरातनं झेंडूची दोन फुलं काढून ठेवली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. भाषणं पुढं सुरू झाली. भाषणांबद्दल मी काही लिहीत नाही, ती सगळीकडे सारखीच असतात.

सकाळी ७.४०

खाली एका घराच्या ओट्यावर चहा. बाईंनी पैसे द्यायला फोन काढला आणि रेंज नाही. सरांचा फोन वर धरला, आडवा धरला, रेंज नाही. चहावाली मावशी शांतपणे बघत होती. शेवटी मीच सत्तर रुपये काढून दिले. "धसई इथनं जवळच ना हो?" एक सर म्हणाले. धसई आमच्याच तालुक्यातली. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला ती राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाली. तेव्हा टीव्हीवाले इतके आले की आठवडाभर माझी गाडी रिकामी उभी राहिली नाही. त्यांनी भाडं रोखच दिलं.

सकाळी ८.४५, म्हसा

यात्रा पौष पौर्णिमेची, म्हणजे उद्याची. पण जनावरं आधीच उतरतात आणि मला विचाराल तर हाच खरा बघायचा दिवस. उद्या खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला रीघ लागली की पाय ठेवायला जागा नसते. पाळणे, भेळ, पिपाण्या. आज नुसता बाजार.

सर्वांत आधी वास येतो. शेण, ओला पेंढा, शिंगांना लावलेला रंग, कढईतलं तेल. मग आवाज. शेतात दावणीच्या दावणी लागलेल्या. गावठी बैल, खिल्लार, दोन दाती गोऱ्हे, म्हशी. कातकरी-ठाकरांपासून कर्जत, शहापूर, भिवंडीकडच्या शेतकऱ्यांपर्यंत आणि घाटावरून जुन्नर-ओतूरच्या माणसांपर्यंत सगळे इथं एकमेकांच्या जनावराचं तोंड उघडून बघतात.

शर्यतीचे बैल वेगळे बांधलेले. त्यांच्या अंगावर झूल, पुढ्यात पेंड आणि भोवती मोबाइल घेतलेली पोरं. शर्यतींना मधली काही वर्षं बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून या बैलांचा भाव नांगराच्या बैलाच्या कुठल्या कुठं गेला. नांगराला पॉवर टिलर आहे. पळायला बैलच लागतो.

सरांना सौदा बघायचा होता. एका झाडाखाली घेऊन गेलो. एक म्हातारा, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, एकटा बैल धरून उभा. पांढरा बैल, डाव्या कानाशी काळा डाग, गळ्यात घुंगुरमाळ. एकटा बैल विकायला आणला म्हणजे जोडीतला दुसरा गेला, हे न विचारता कळतं. समोर कर्जतकडचा गिऱ्हाईक, त्याचंही तसंच, घरी एक बैल आणि त्याला जोड हवी. मध्ये दलाल.

दलालानं बैलाचा ओठ वर केला. दात बघितले. "जुळलाय," म्हणाला. म्हणजे दात पुरे आलेले, जनावर भर वयाचं. मग खुरांवर हात फिरवला, शेपटीचा गोंडा बघितला, पाठीवर थाप मारून कातडी कशी थरथरते ते बघितलं. बैलाला मागं-पुढं चालवलं. मग खांद्यावरचा रुमाल काढून म्हाताऱ्याच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली बोटं धरली.

इथं भाव बोलत नाहीत. बोटं धरायची, सोडायची, मुठीत दाबायची. बाहेर दोघांचे चेहरे नुसते कोरडे. म्हाताऱ्यानं मान हलवली. दलाल गिऱ्हाइकाकडे गेला, तिथं रुमाल. परत इकडे. चौथ्या खेपेला सरांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं तसा दलाल भडकला. "ओ सर, ठेवा तो. भाव काय टीव्हीवर सांगायचाय का?" सरांनी मुकाट्यानं खिशात ठेवला.

सौदा झाला तो आम्हाला कळलाच नाही. म्हाताऱ्यानं एकदम बैलाच्या गळ्यातली माळ सोडायला घेतली. तिची गाठ बसलेली, सुटेना. दातानं सोडवली. मग दावं काढलं. गिऱ्हाइकानं स्वतःचं नवं दावं आणलं होतं, ते बांधलं. "दावं कधी द्यायचं नसतं," म्हातारा आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "दाव्यासंगं गोठ्यातली लक्षुमी जाते." बैल चार पावलं नव्या माणसामागून गेला, थांबला, मागं वळला, मग गेला. म्हातारा नोटा मोजत होता. त्यानं मान वर केली नाही.

बाई म्हणाल्या, "चला." मी घोंगड्यांच्या दुकानांकडे वळणार होतो, पण पाचही जण गाडीकडे निघाले होते.

सकाळी ११

ते दोन सुळके जवळून बघू, असा सरांचा हट्ट. म्हणून देहरीपर्यंत गेलो. गोरखगड आणि मच्छिंद्रगड, नाथपंथी नावं. वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, मोठी खांबांची गुहा, पाण्याची टाकी, गुहेपुढं चाफ्याची झाडं आणि चाफ्यांतून समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. ट्रेकवाली पोरं या जागेवर जीव टाकतात. पण पायऱ्या जिथं सरळ होतात तिथं हातानं खोबणी धरून चढावं लागतं. "गुडघे असतील तर जा," मी सांगितलं. तिघांनी गुडघ्यांचा विचार केला, बाकी दोघांनी बाईंकडे बघितलं. पायथ्याला कलिंगड खाऊन परत फिरलो.

परतीच्या वाटेवर भाताची खाचरं कापून मोकळी, त्यातल्या काहींत वाल आणि हरभरा. मध्येच भेंडीचे हिरवेगार तुकडे. एका वाडीतली निम्मी घरं बंद. "गाव सोडून गेले का?" बाईंनी विचारलं. वीटभट्टीवर गेलेत. दिवाळीनंतर कातकरी माणसं पोराबाळांसकट भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर येतात. शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. पटावरची पोरं आणि वर्गातली पोरं यांचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

दुपारी १.१५

हिशेब झाला. बाईंनी चहाचे सत्तर रुपये वेगळे मोजून दिले. घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी. "घोंगडी?" अशी विचारणा झाली. मी भाकरी मोडत राहिलो. मग सीएनजीची रांग. चाळीस मिनिटं. या रांगेत जेवढी झोप होते तेवढीच माझी.

दुपारी २.३०

दुसरं भाडं डोंबिवलीचं. नवरा-बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. कल्याणहून एसटीनं आले होते. मुरबाडला रेल्वे आणायची मागणी मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. ती येईल तेव्हा येईल, तोवर एसटी आणि आम्ही.

स्टँडवर त्यांची वाट बघताना बाकावर तोच म्हातारा दिसला, म्हशातला. मांडीवर दावं गुंडाळलेलं, त्यावर घुंगुरमाळ. ओतूरकडची गाडी आत्ताच निघून गेली होती, पुढची कधी ते त्यानं दोनदा विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, "बाबा, मी माळशेज चढून खुबी फाट्यापर्यंत चाललोय. भाड्याला विचारतो."

असं विचारणं धंद्याच्या नियमात बसत नाही. पूर्ण गाडीचे पैसे दिल्यावर लोकांना मागं अनोळखी माणूस नको असतो आणि त्यांचंही चूक नाही. बायको घुटमळली. नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. आजी म्हणाली, "बसू दे की, म्हातारं माणूस." म्हातारा मागच्या सीटवर बसला.

दुपारी ३ ते ५

कल्याण-नगर रस्ता. पूर्वी याला २२२ म्हणायचे, आता राष्ट्रीय महामार्ग ६१. सरळगाव, टोकावडे आणि मग डोंगर दोन्हीकडून जवळ येऊ लागतात. मुलीनं विचारलं, "धबधबे कधी येणार?"

मी आरशात आईवडिलांकडे बघितलं. बापानं फोन पुढं केला. त्यात माळशेजची रील, हिरवेगार कडे, ढग, रस्त्यावर कोसळणारं पाणी, मागं गाणं. "हे कुठं आहे?" "हेच आहे," म्हटलं, "पण जुलैमध्ये." गाडीत शांतता. जानेवारीतला सह्याद्री पिवळ्या गवताचा आणि काळ्या कातळाचा. काळू नदीचा मोठा धबधबा थितबीच्या बाजूला कड्यावर नुसती काळपट रेघ होऊन राहिलेला. असे लोक महिन्यात दोन-तीनदा भेटतात. फोनवर बुकिंग घेताना मी आता मुद्दाम सांगतो, "पाणी नसेल हां." यांना सांगायचं राहिलं, कबूल.

पण पावसाळ्यात तरी धबधबा कुठं दाखवतो मी? पावसाळ्यात बहुतेक वर्षी मनाई आदेश लागतो, धबधबे आणि धरणांच्या पाण्याजवळ जायचं नाही. लोक चिडतात, माझ्याशीच भांडतात, जणू आदेशावर सही माझी आहे. पूर्वी मीही आडवाटेनं न्यायचो. एकदा पाच-सहा पोरांना ओढ्यापलीकडे सोडलं, वर डोंगरात पाऊस झाला आणि तासाभरात ओढा कमरेच्या वर गेला. पोरं पलीकडे, मी अलीकडे. हाका ऐकू येत नव्हत्या, नुसते हातवारे. पाच तासांनी पाणी उतरलं. त्यांनी नंतर हसत फोटो काढले. मी त्या रात्री जेवलो नाही. तेव्हापासून 'नाही' म्हणायला शिकलो. भाडी गेली काही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागं एक कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ लोकांनी बघितला आणि त्या महिन्यात माझ्याशी कुणी वाद घातला नाही. ऑगस्टपासून पुन्हा सुरू.

वैशाखरे मागं पडलं आणि उजवीकडे नाणेघाटाची खिंड दिसू लागली. वरचा नानाचा अंगठा उन्हात. मुलीला दाखवायला काहीतरी मिळालं म्हणून मी सुरू केलं. दोन हजार वर्षांपूर्वीची वाट, सातवाहन राजांची. खाली सोपारा-कल्याणच्या बंदरात माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून या वाटेनं जुन्नर-पैठणला जायचा. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी टाकायचा म्हणतात. आणि गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. कुठले यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती दान दिले, किती कार्षापण नाणी दिली, सगळे आकडे कोरलेले.

मागच्या सीटवरून म्हातारा पहिल्यांदा बोलला. "गाईंचा हिशेब दगडावर. आन् आमचा रुमालाखाली."

आजी एकदम हसली. मग तो सुटला. त्याचा बाप याच वाटेनं बैल घेऊन म्हशाला यायचा. पहाटे घाटघरहून निघायचं, दुपारला खाली वैशाखऱ्याला, रात्री मुरबाडच्या अलीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी म्हसा. तो स्वतः दहा-बारा वर्षांचा असताना एकदा आला होता. पायऱ्यांवर बैल घसरू नये म्हणून बाप पुढं चालत होता आणि हा शेपटीला धरून मागं. "बैल ईकला की बाप दावं खांद्यावर टाकून त्याच वाटेनं वर चढायचा. मला वाटायचं आता खाली हात, सोपं जाईल. बाप म्हणायचा, मोकळं चढणं लई जड." एवढं बोलून गप्प झाला.

"आता कसा आणला बैल?" मुलीच्या बापानं विचारलं.

"टेंपोत."

मुलगी मागं वळून माळेकडे बघत होती. त्यानं ती तिच्या हातात दिली. घाट लागेपर्यंत गाडीत छुन-छुन चाललं होतं. पहिल्या वळणाला आईनं "पुरे आता" म्हटलं तसा आवाज थांबला.

संध्याकाळी ५.२०

घाट चढला, बोगदा गेला. खुबी फाट्याला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी समोर आलं आणि बापाचा चेहरा जरा सैल झाला, निदान पाणी दिसलं. म्हातारा उतरला. कमरेच्या पिशवीतनं शंभरची नोट काढली. मी नको म्हटलं. त्यानं हट्ट केला, मी नको म्हटलं. मग त्यानं यात्रेतल्या रेवड्यांची पुडी मुलीच्या हातात दिली, आजीला हात जोडले आणि ओतूरकडे तोंड करून उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसला. खांद्यावर दावं होतं. तेवढं माझ्या लक्षात आहे.

सूर्यास्ताला पुन्हा घाटमाथ्यावर आलो. मागं पूर्वेला चंद्र आधीच वर, पुढं कोकणात सूर्य धुरकटीत बुडतोय. जवळपास गोल चंद्र आणि मावळता सूर्य एकाच वेळी, दोन बाजूंना. आजी बराच वेळ काही न बोलता बसली होती. मग म्हणाली, "धबधब्याला गर्दी असते ना? बरं झालं, आत्ता आलो." तिच्या या वाक्यावर मी भाड्यात शंभर रुपये सोडायला तयार होतो. मनातल्या मनात.

माकडानं रेवड्यांची पुडी पळवली. मुलगी रडली. बापानं त्याचाही व्हिडिओ काढला.

संध्याकाळी ७.१५

उतरताना वैशाखऱ्यापुढं चार पोरं हात करत होती, पाठीवर सॅक, नाणेघाट उतरून आलेली. दोघांना जागा होती, चौघांना नाही आणि दोघं-दोघं व्हायला ती तयार नव्हती. टोकावड्याच्या एका गाडीवाल्याला फोन लावला, तो निघाला. आमच्यात असं चालतं. आज मी त्याला, उद्या तो मला.

पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मुलगी म्हणाली, "काका, तुमची गाडी वाजते." मला काही ऐकू आलं नाही. पुढच्या गतिरोधकावर मात्र आलं. बारीक, मागून. सायलेन्सरचा पत्रा सुटला असणार. मागच्याच महिन्यात एका गॅरेजवाल्यानं तो बदलल्याचे पैसे घेतले होते. टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत मी त्या गॅरेजवाल्याला मनात काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही.

रात्री ८.४०

भाड्याला स्टँडवर कल्याणच्या गाडीत बसवून दिलं. आजीनं विचारलं, "पुढच्या खेपेला काय दाखवाल?" मी म्हटलं, "जुलैत या, लांबून दाखवतो." पाण्याचं आमचं असंच आहे. बारवी धरण आमच्याच तालुक्यात, त्याचं पाणी एमआयडीसीच्या नळांतून तिकडच्या शहरांकडे जातं. हे सांगायला तोंड उघडलं होतं, पण गाडी सुटली.

रात्री ९.१५

दारात गाडी लावली. बॅटरी घेऊन खाली वाकलो. सायलेन्सर जागेवर, पत्रा जागेवर, नट घट्ट. गाडी हातानं हलवली. छुन.

मागचं दार उघडलं. शेवटच्या सीटखाली, पाय ठेवतात त्या खोबणीत, घुंगुरमाळ पडलेली. पोरीनं घाटात खाली ठेवली असणार, म्हाताऱ्यानं नंतर शोधलीच नसणार. चामड्याचा पट्टा घामानं काळा पडलेला, एके ठिकाणी तुटून सुतळीनं शिवलेला. गाठीवर दाताचे ठसे अजून ओले असल्यासारखे दिसत होते, पण ते दव असेल.

नाव विचारलं नव्हतं. नंबर घेतला नव्हता. ओतूरच्या पुढचा, एवढंच माहीत. सकाळी ओतूरकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि सांगायचं, डाव्या कानाशी काळा डाग असलेल्या बैलाचा मालक. बैल विकलाय, पण गावात तो अजून त्याच बैलानं ओळखला जात असेल.

माळ हातात घेऊन घरात गेलो. बायको ताट वाढत होती. आवाजानं वळली. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घोंगडी सांगितली होती."

"यात्रा उद्याची आहे," म्हटलं. "पौर्णिमा उद्या."